चोराला चहाला बोलावलं, त्याची गोष्ट

त्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या नवरा-बायकोला कुणीतरी एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मला त्यांना काही गोष्टी विचारायच्या आहेत. घरात मुडदा पडलेला असताना तुमचा चहा वेळेवर होतो कसा? आणि बाई, चोराच्या मागे एवढी पळापळ करून तुझ्या केसांची एक बट जागची हलत नाही, तू डोक्याला लावतेस तरी काय? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, तुझा नवरा तुझ्याशी एवढं बोलतो कसा?

दुपारी एका चॅनलवर हे जुने सिनेमे लागतात. नवरा टोपीवाला, बायको टापटीप, आणि दोघं मिळून चोर, खुनी, दरोडेखोर, जो मिळेल तो पकडतात. खाली बोलण्याची अक्षरं येतात, पण माझी शाळा चौथीतच आटोपली. माझं वाचन म्हणजे एकेका अक्षराला हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. मी एक ओळ संपवते तोवर पडद्यावर दुसरा मुडदा. म्हणून मी अक्षरांचा नाद सोडला आणि चेहऱ्यांवरून गोष्ट लावायला लागले. काही अडत नाही. संसार केलेल्या बाईला नवरा-बायकोचं बोलणं ऐकावं लागत नाही, भुवया दिसल्या की पुरे.

त्या दोघांचं मला काय आवडतं सांगते. ती त्याला टोमणा मारते. आता कुठलाही शहाणा नवरा अशा वेळी उठून दुसऱ्या खोलीत जाईल. हा जात नाही. हा उलटा टोमणा मारतो! मग ती हसते, तो हसतो, आणि दोघं मिळून कुणाच्यातरी कपाटात लपतात. आमच्याकडे मी टोमणा मारला की आमचे हे पेपरचं पान उलटतात. माझ्या जिभेमुळे ह्यांचं वाचन फार वाढलं.

हे पाणीखात्यात मीटर तपासायचे, आता घरी असतात. स्वभाव असा, की दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. विक्रेत्याला आत बोलावून पाणी देतील आणि मग मला हाक मारतील, नाही म्हणायला. आमच्या घरातलं सगळं 'नाही' माझ्याकडे आहे.

म्हणूनच गच्चीवरच्या खोलीची किल्लीही माझ्याकडे आहे. इमारत उभी राहिली तेव्हापासून. त्या खोलीत सगळ्या बिऱ्हाडांची अडगळ असते. ज्याला आपलं सामान हवं त्याने यावं, काय हवं ते सांगावं, मी खिळ्यावरची किल्ली काढते. लोक म्हणतात, मी फार चौकशा करते. करते! सगळ्यांचं सामान आहे, माझ्या भरवशावर आहे. ती किल्ली म्हणजे ह्या इमारतीतलं माझं पद आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाई शाळेच्या पदावरून उतरल्या तरी मी माझ्या पदावर होते.

त्याच हेडबाई एके दिवशी किल्ली मागायला आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही त्या जिना उतरायला लागल्या की समोरचा माणूस भिंतीला टेकून शर्टाची बटणं लावतो. त्यांची एक लाकडी आरामखुर्ची होती, वेताच्या बैठकीची. जागा नाही म्हणून वर ठेवली होती, आता बाल्कनीत बसायला हवी म्हणाल्या. मी स्वतः वर गेले, कुलूप उघडलं. आत ट्रंका होत्या, पाळणा होता, सायकल होती, कुणाचातरी मोडका आरसा होता. खुर्ची नव्हती. धुळीत चार पायांचे चार ठसे तेवढे होते.

"कुलूप शाबूत आहे," हेडबाई म्हणाल्या. "किल्ली तुमच्याकडे आहे. खुर्ची नाही. उत्तर काय?"

"मला काय माहीत!"

"विचार करून सांगा. घाई नाही."

मला बाकावर उभं केल्यासारखं झालं.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस लागली. सूनबाईने वाचून दाखवली. गच्चीवरच्या खोलीच्या बाबतीत झालेला निष्काळजीपणा लक्षात घेता, येत्या रविवारच्या सभेत ती किल्ली सेक्रेटरींच्या ताब्यात घेण्याचा विचार होईल.

"कोणता शब्द म्हणालीस?"

"निष्काळजीपणा, आई."

आता हे बघा, मला लोक भांडकुदळ म्हणतात. ते मी ऐकून घेते, उगीच कुणी म्हणणार नाही. तोंडाळ म्हणतात, म्हणोत. पण निष्काळजी? अहो, मी दुधावरची साय बघून दूधवाल्याची तब्येत सांगते. माझ्या घरातली सुई हरवत नाही. आणि रविवारी सगळ्यांसमोर तो माणूस माझ्यापुढे हात पसरून म्हणणार, आणा ती किल्ली! त्यापेक्षा मी जिना वापरणं सोडून देईन.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "उठा. आपल्याला चोर पकडायचाय."

"कुणाला?"

"आपल्या दोघांना."

ह्यांच्या हातातला पेपर खाली पडला. मला वाटलं, उत्साहाने पडला.

सुरुवात रीतीने करावी म्हणून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, "खुर्ची हरवली की चोरीला गेली? हरवलेल्याची खिडकी वेगळी आहे."

"खुर्ची स्वतःहून कशी हरवेल? तिला पाय असले म्हणून काय चालत जाईल?"

"तसं नाही, बाई. चोरीला गेली म्हटलं की मालक लागतो. तुम्ही मालक?"

"मालक हेडबाई."

"मग त्यांना पाठवा."

"त्यांना मीच चोर वाटतेय!"

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नव्या आस्थेने बघितलं. "म्हणजे तुम्ही हजर व्हायला आलात?"

इथे तो टोपीवाला असता तर त्याने काहीतरी फर्मास बोलून बायकोला बाहेर काढलं असतं. आमचे हे म्हणाले, "इथे पंखा छान आहे." मीच ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं. पायऱ्या उतरताना म्हटलं, सरकारचं काही खरं नाही, आता आपणच. हे म्हणाले, "हं." पण ते 'हं' जरा वेगळं होतं. लांब होतं.

मग जागेची पाहणी. औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला ह्यांच्याकडे एक भिंग आहे, ते घेऊन आम्ही वर गेलो. हे गुडघे टेकून जमिनीवर. मी उभी, कारण दोघंही खाली बसलो तर उठवणार कोण? आणि पुरावे तरी किती सापडावेत! टॉफीचे चुरगळलेले कागद. बिस्किटांचा चुरा. बायकांच्या केसांचा एक चाप. घडी करून उशीसारखी दडपलेली एक जुनी चादर. ह्यांनी लाकडाची एक मोठी ढलपीही उचलली आणि चटकन खिशात टाकली. मी मनात म्हटलं, बघा, मीटर तपासलेला माणूस, पुरावा लगेच ताब्यात घेतो.

मी सगळं जोडून बघितलं. चोराचे केस लांब आहेत. त्याला गोड लागतं. चोरी करण्याआधी तो बिस्किटं खातो, खाऊन झोपतो, आणि मग उठून खुर्ची उचलून नेतो. असा ऐसपैस चोर मी सिनेमातसुद्धा बघितला नव्हता.

घरी आल्यावर चाप सूनबाईला दाखवला. "अगदी तुझ्यासारखा आहे गं."

"असे बाजारात खूप मिळतात, आई," ती म्हणाली, आणि तिने नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी साफ करायला घेतली. मुलगा फिरतीच्या नोकरीवर असतो, घरात आम्ही तिघंच, तेव्हा तिच्यावर कामाचा ताण आहेच. मी फार लक्ष दिलं नाही.

आम्ही तपास करतोय हे कळल्यावर इमारतीतून सल्ल्यांची रीघ लागली. सेक्रेटरींच्या बायको म्हणाल्या, चोर नेहमी तळमजल्यावरचा असतो, त्याला पळायला सोपं. तळमजल्यावर फक्त पाण्याचा पंप आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याने सांगितलं, "काकू, तुम्ही उगीच जिवाला लावून घेताय. गेली तर गेली, खुर्चीच ती." एरवी हा माणूस एका दाढेसाठी मला तासभर व्याख्यान देतो. माझी कवळी बसवताना साखरेवरून इतकं बोलला होता, की घरी येऊन मी साखरेचा डबा मागच्या फळीवर ढकलला. आणि आज म्हणे जाऊ द्या! खुद्द सेक्रेटरी जिन्यात भेटले. भलामोठा माणूस, जिना चढले की कठडा हलतो. म्हणाले, "किल्ली माझ्याकडे आली की सगळं शिस्तीत होईल. मी स्वतः वर जाऊन देखरेख ठेवीन. रोज." रोज म्हणताना त्यांचा आवाज जरा हळवा झाला. कर्तव्याची एवढी आवड असलेला माणूस मला आवडला नाही.

आम्ही मात्र रोज संध्याकाळी बाहेर पडायला लागलो. सिनेमात नवरा-बायको संशयिताच्या मागावर जातात, तसे. मी बरी चप्पल घालायचे, हे इस्त्रीचा शर्ट. एकदा सेक्रेटरींच्या बायकोच्या मागे बाजारभर फिरलो. त्यांनी तीन दुकानांत एकच ब्लाऊजपीस बघितला आणि घेतला नाही. चौथ्या दुकानात त्या गर्रकन वळल्या. आम्ही दोघं एका पडद्यामागे. पडदा विकायचा होता. दुकानदाराने तो आमच्या अंगावरून काढून त्यांना दाखवला.

"अय्या, तुम्ही?"

"पडदे बघतोय," मी म्हटलं.

"आतून?"

आणि ह्या वेळी हे मदतीला धावले! म्हणाले, "आतूनच बघावे. आपल्याला आतूनच दिसणार."

सेक्रेटरींच्या बायकोला पटलं. त्यांनीही पडद्यात शिरून बघितलं. परतीच्या वाटेवर मी ह्यांच्याकडे दोन-तीनदा तिरक्या डोळ्याने पाहिलं. इतकी वर्षं पेपरमागे हा माणूस बसला होता होय?

दुसऱ्या दिवशी जुन्या फर्निचरची दुकानं. चोर खुर्ची विकणार तर तिथेच. मी ठरवलं, खुर्ची बघून ओळखू येणार नाही, बसून ओळखायची. एकेका खुर्चीत बसत गेले. शेवटच्या एका खुर्चीचे हात असे आत वळलेले, की बसले ती बसलेच. उठायला गेले की खुर्चीही माझ्याबरोबर उठायची. दुकानदार म्हणाला, "आजींना बरोब्बर मापाची आहे, बांधून देऊ?" हे मागून खुर्ची ओढतायत, तो पुढून मला ओढतोय, आणि रस्त्यावर बघे जमलेत. सुटका झाली तेव्हा हे माझ्या कानाशी म्हणाले, "ही नक्की हेडबाईंची नाही. त्यांची माणसाला सोडायची." मी रस्त्याच्या मधोमध हसले. माझी एवढी शोभा झालेली, आणि मी हसत होते! लोकांना वाटलं, धक्का बसला.

त्याच गल्लीच्या टोकाला एक सुतार बसतो. मी म्हटलं, त्यालाही विचारू. तर ह्यांचा गुडघा एकदम धरला. पाऊल टाकवेना. तेवढ्यात सुतारच दुकानातून ओरडला, "काका, उद्या! उद्या नक्की!"

"हा तुम्हाला कसा ओळखतो?"

"सगळ्यांनाच म्हणतो तसं. सुतार आहे ना," हे लंगडत म्हणाले.

पटण्यासारखंच होतं. माझ्या स्वयंपाकघराच्या फळ्या लावायला जो सुतार आला होता त्याचा उद्या अजून उजाडायचाय.

असं करत शनिवार उजाडला, आणि चोर काही हाती नाही. मग मी मनाशी शांतपणे विचार केला. सिनेमात शेवटी काय करतात? सगळ्यांना एका खोलीत जमवतात. चहा-बिहा देतात. टोपीवाला फिरत फिरत बोलतो, बायको सोफ्यावर बसून त्याला चिमटे काढते. आणि थोड्या वेळाने एकजण ताडकन उठतो, त्याचा चेहरा पडतो, आणि तोच चोर असतो. मी इतके सिनेमे बघितले, एकदाही फसलं नाही. लोक जमवले की चोर उठतोच.

सूनबाईला सांगितलं, उद्याची सभा आपल्या घरी, सगळ्यांना चहाला बोलाव.

"पण आई, सिनेमात त्यांना आधीच माहीत असतं चोर कोण ते! म्हणून ते सगळ्यांना बोलावतात."

"काहीतरीच बोलू नकोस. माहीत असतं तर सरळ त्याच्या घरी जाऊन पकडला नसता? बाकीच्यांना चहा कशाला पाजतील?"

ती कप मोजायला लागली. शिकलेल्या माणसांना साधं गणित सुचत नाही.

रविवारी सकाळी सगळे आले. हेडबाई खिडकीजवळ ताठ. सेक्रेटरी आणि त्यांच्या बायको सोफ्यावर, म्हणजे सोफ्यावर सेक्रेटरी आणि कडेला बायको. दंतवैद्य दाराजवळ. सूनबाई ट्रे घेऊन. हे आपल्या नेहमीच्या जागी, पण पेपर नव्हता. किल्ली मी मुद्दाम मधल्या टीपॉयवर ठेवली होती. सगळ्यांनी ती बघितली आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडे नेली.

सिनेमात टोपीवाला खुर्च्यांच्या मागून फिरतो. आमच्याकडे खुर्च्या भिंतीला लागून, मागे पाल जेमतेम मावते. म्हणून मी पुढून फिरले. एकेकासमोर थांबायचं, डोळ्यांत बघायचं, पुढे सरकायचं. बोलायचं काय, हे मला माहीत नव्हतं. ते खाली अक्षरांत येतं ना! शेवटी दंतवैद्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मला सगळं कळलंय."

खोलीत इतकी शांतता झाली की चहावर साय धरल्याचंही ऐकू यावं.

आणि दंतवैद्य ताडकन उठला!

"काकू, मी कबूल करतो. टॉफ्या माझ्या होत्या."

माझा आनंद गगनात मावेना. "आणि खुर्ची?"

"खुर्चीत बसून खायचो. दवाखान्यात कसा खाऊ? घरात बायको, शेजारी पेशंट. एक टॉफी हाताला चिकटली होती, ती मी खरवडली. पॉलिश गेलं थोडं. पण खुर्ची मी नेली नाही, आईशपथ!"

मी पुढे काही बोलणार, तोवर मागे ट्रे खणखणला. सूनबाई. "आई, तो चाप माझाच होता. मी वर जायचे. फोनवर बोलायला. माझ्या आईशी."

"का? घरात फोन लागत नाही?"

"लागतो. बोलता येत नाही."

"असं काय बोलायचीस तिच्याशी?"

"काही नाही हो, आपलं हवापाणी."

हवापाणी म्हणजे मी, हे कळायला चौथीचीही गरज नाही. मी फक्त म्हटलं, "ट्रे खाली ठेव. कप हिंदकळतायत." माझी मान ताठ होती, हे आवर्जून नमूद करते.

आता सगळे सेक्रेटरींकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम. त्यांच्या बायकोने विचारलं, "तुमच्याकडे का बघतायत सगळे?"

"मी… टाकीची पाहणी करायला जायचो," सेक्रेटरी म्हणाले.

"ते मला माहितेय. दुपारी रोज जाता. सोसायटीसाठी किती झटता!"

"पाहणी… बिस्किटं खाऊन, बसून करायचो. डोळे मिटून." त्यांनी मान खाली घातली. "त्या दिवशी जरा गाढ पाहणी झाली. कूस बदलली आणि बैठकच गेली. मागचा पायही गेला. मी घाबरून खाली पळालो. नंतर ऐकलं, खुर्चीच गायब. मोडकी खुर्ची कोण चोरेल, हे मला आजही कळलेलं नाही."

"आणि नोटीस माझ्यावर लावलीत!" मी कडाडले. "निष्काळजीपणा म्हणे! रोज देखरेख ठेवीन म्हणे!"

"किल्ली माझ्याकडे असती तर रोज मागायला लागली नसती," ते पुटपुटले.

तिथे मी थांबले. रोज मागायला. कुणाकडे? माझ्याकडे तर ह्यांतला एकही फिरकला नव्हता. दंतवैद्याने छताकडे बघितलं. सूनबाईने चमच्याकडे. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू एका बाजूला वळल्या.

आमचे हे उठून उभे राहिले. ताडकन नाही, गुडघ्यावर हात ठेवून.

"किल्ली मी देत होतो," हे म्हणाले. "दुपारी ही सिनेमा बघत असते तेव्हा. ही फार चौकशा करते म्हणून लोक माझ्याकडे यायचे. मला नाही म्हणता येत नाही. खुर्ची मोडलेली मला दिसली, म्हणून वॉचमन जेवायला गेला तेव्हा मीच गुपचूप खाली नेली. सुताराकडे आहे. तो उद्या देणार आहे."

कुणाचा विश्वास खुर्चीवर बसला असेल, पण 'उद्या'वर कुणाचाच बसला नाही.

आणि मी? मी टीपॉयला धरून उभी. ज्या माणसाबरोबर मी ठाण्यात गेले, पडद्यात शिरले, भर रस्त्यात खुर्चीसकट ओढली गेले, तोच माणूस! भिंगातून धूळ बघत होता आणि ढलपी खिशात घालत होता!

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

हे म्हणाले, "तू म्हणालीस, आपण दोघं. मग आपण रोज बाहेर जायला लागलो. तू बरी चप्पल घालायचीस. चोर सापडला असता तर ते बंद झालं असतं."

सेक्रेटरींच्या बायकोने डोळ्याला रुमाल लावला आणि नवऱ्याला कोपर मारलं. मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. खरंच होतं. पण आमच्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांनी माझी वाट बघितली आणि मी बोलले नाही.

हेडबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या खुर्चीत मी सोडून सगळी इमारत बसली."

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"उभे राहा."

दंतवैद्य उभाच होता, तो अजून उभा राहिला. सेक्रेटरी सोफ्यातून निघायला वेळ लागला. हेडबाईंनी एकेकाकडे चष्म्यावरून पाहिलं. "सुताराकडे उद्या तुम्ही तिघं पुरुष जाल, आणि खुर्ची हातात मिळाल्याशिवाय दुकानातून उठणार नाही. आता सभेचं काम. किल्ली सेक्रेटरींकडे जावी असं कुणाला वाटतं?"

सेक्रेटरींचा हात खांद्यापर्यंत आला. बायकोने तिकडे बघितलं. हात डोकं खाजवायला गेला.

"किल्ली आहे तिथेच राहावी?"

सगळे हात वर. सूनबाईचा सगळ्यात उंच, तेही मी बघितलं.

पण मला ते गोड लागेना. मी म्हटलं, "नको. सगळ्यांना माझी दया आली म्हणून मी किल्ली ठेवणार नाही. माझ्या खिळ्यावरून ती रोज जात होती आणि मला पत्ता नव्हता. मला तोंड आहे, तसा मानही आहे."

"दया कसली?" हे म्हणाले. "सेक्रेटरींकडे किल्ली गेली आणि हे वर झोपले, तर ह्यांना उठवायला कोण जाईल? ह्या इमारतीत चार मजले वर ऐकू जाईल असा आवाज एकच आहे."

हे माझ्यावर बोलले होते. सगळ्यांसमोर! मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान फिरवली नाही, भुवई उंचावली. तीच भुवई, पडद्यावरची!

आधी हेडबाई हसल्या, आणि हेडबाईंना हसताना ह्या इमारतीने पहिल्यांदाच बघितलं. मग सगळेच हसले. मीही. किल्ली मी उचलली. आवाज माझा आहे, तर किल्लीही माझीच, हे तर्काला धरून होतं.

खुर्ची आली. तीन पुरुष सुताराच्या दुकानात बसून राहिले, तेव्हा त्या सुताराला आयुष्यात पहिल्यांदा आज म्हणावं लागलं. हेडबाई तिच्यात बसल्या, मागे रेलल्या, आणि म्हणाल्या, बाल्कनीत रहदारीचा आवाज फार आहे, खुर्ची वरच राहू दे. त्यांनाही वर जायचं असतं, मी ओळखलं. दंतवैद्य आता राजरोस माझ्याकडे किल्ली मागतो, आणि मी त्याला साखरेवर व्याख्यान देऊन मगच देते. सूनबाई घरातच फोन करते. मी दुसऱ्या खोलीत जाते. तिथून सगळं ऐकू येतं, पण मी गेलेली असते.

खुर्ची आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते. बघते तर हे इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे.

"चल. निघायचं ना?"

"आता कुठे? चोर तर सापडला."

"सापडला ना," हे म्हणाले. "मग त्याच्यावर नजर नको ठेवायला?"

मी भाजी तशीच सूनबाईकडे सरकवली. बरी चप्पल पायात घातली. आणि जाता जाता खिळ्यावरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. त्या चोराचा काही भरवसा नाही.